१९१८ चे पंधरा रुपये आणि १९०२ ची मंद गिनी: यातले प्रूफ कोणते?

गिरगावकर

सर्वांना नमस्कार. मुगभाटातील आमची इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे तेथील जुने बिऱ्हाड आम्हाला रिकामे करावे लागले. सामान आवरताना वडिलांच्या लाकडी पेटीच्या तळाशी एक पितळी डबी मिळाली आणि तिच्यात कापसात गुंडाळलेली सोन्याची तीन नाणी निघाली. ती माझ्या आजोबांची आहेत, एवढेच घरात सर्वांना ठाऊक आहे. आजोबा फोर्टातील एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होते आणि ही नाणी त्यांच्याकडे कशी आली हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

पहिले नाणे १९१८ सालचे आहे. त्याच्या एका बाजूला मुकुट घातलेला पंचम जॉर्ज आहे आणि दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या चौकटीत पंधरा रुपये हे मूल्य, देशाचे नाव आणि साल आहे. त्याचा मोकळा भाग अक्षरशः आरशासारखा असून त्यात खिडकीचे गज स्पष्ट दिसतात. दुसरे नाणे त्याच सालची गिनी, म्हणजे सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचे नाणे आहे. तिच्या मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज आहे आणि घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर मधोमध रोमन लिपीतील 'आय' हे बारीक अक्षर आहे. या नाण्याला कधीतरी कडी लावलेली असावी, कारण वरच्या कडेला टाक्याचा डाग आहे. तिसरी गिनी १९०२ सालची, सातव्या एडवर्डची आहे. ती अगदी मंद दिसते. तिच्यावर चकाकी म्हणून कोठेच नाही, जणू बारीक धूळ बसून तशीच मुरून गेली आहे.

ही नाणी मी एका परिचित पेढीवर दाखवली. तेथे मला सांगण्यात आले की पहिले नाणे प्रूफ, म्हणजे खास रीतीने पाडलेले आहे व फार दुर्मीळ आहे, दुसरे मोडीत घालण्यासारखे आहे आणि तिसरे पार झिजलेले असल्यामुळे पॉलिश करून घेतल्यास निदान बघण्यासारखे होईल. पॉलिश ते विनामूल्य करून देणार होते. मी विचार करून सांगतो म्हणून परत आलो.

माझे प्रश्न असे आहेत. आरशासारखी झळाळी आहे म्हणून पहिले नाणे प्रूफ समजावे काय? तिसऱ्या नाण्याला पॉलिश करावी काय? आणि ही नाणी विकण्याऐवजी त्यांच्या भोवती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रूफ सुवर्णनाण्यांचा एक छोटा संग्रह उभा करावा असे मनात आहे, तर त्याची सुरुवात कोठून करावी? माझी आत्या सांगते की ही तिन्ही नाणी दर वर्षी लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवून दुधाने धुतली जात असत. त्याचाही काही परिणाम झाला असेल काय?

दादर पूर्व

नमस्कार. आपण त्या पेढीवरून नाणी जशीच्या तशी परत आणलीत, हे फार चांगले झाले. सर्वांत आधी एकच विनंती आहे: तिसऱ्या नाण्याला कोणीही हात लावू नये, पॉलिश तर नाहीच. आपल्या वर्णनावरून मला अशी दाट शंका येते की तिघांमध्ये अस्सल प्रूफ असलेच, तर ते हेच मंद दिसणारे नाणे असेल.

प्रूफ या शब्दाचा झळाळीशी जो संबंध जोडला जातो, तो अर्धाच खरा आहे. प्रूफ हे नाणे पाडण्याच्या एका खास पद्धतीचे नाव आहे. निवडक चकत्या घेऊन, विशेष तयार केलेल्या साच्यांमध्ये, नेहमीपेक्षा अधिक दाबाने आणि बहुधा एकाहून अधिक वेळा ठोका देऊन जे नाणे पाडले जाते, ते प्रूफ. त्यामुळे अक्षरांच्या कडा चाकूसारख्या धारदार उमटतात, बाहेरची कड चौकोनी आणि भक्कम राहते, आणि सामान्य नाण्यात जे तपशील बुजतात ते येथे पूर्ण भरलेले दिसतात. साचा चकचकीत घासलेला असेल तर नाण्याचा मोकळा भाग आरशासारखा होतो. तोच साचा मुद्दाम खरबरीत केलेला असेल तर नाणे मंद, मखमली दिसते.

९ ऑगस्ट १९०२ रोजी सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक झाला, त्या निमित्ताने लंडनच्या रॉयल मिंटने जे प्रूफ संच काढले, ते नेमके या दुसऱ्या प्रकारचे होते. पाच पौंडांपासून मौंडी पेनीपर्यंतच्या (राजाच्या दानातील चांदीचे छोटे नाणे) १३ नाण्यांचे मोठे संच ८,०६६ निघाले आणि सॉव्हरिनपासून खालच्या ११ नाण्यांचे छोटे संच ७,०५७ निघाले. म्हणजे मंद प्रूफ सॉव्हरिन एकूण १५,१२३ झाल्या. संख्या ऐकून त्या फारशा दुर्मीळ वाटणार नाहीत, आणि खरोखरच पाच व दोन पौंडांच्या तुलनेत त्या अधिक मिळतात. पण न घासलेली, न पुसलेली, मूळ पृष्ठभाग अखंड असलेली १९०२ ची प्रूफ मिळवायला बसा, म्हणजे कळते की त्यातील किती जणींचा घात कोणाच्या तरी नीटनेटकेपणाने केला आहे. त्या पृष्ठभागाला बोट लागले तरी खूण राहते. नाणे मळलेले आहे असे समजून गेल्या सव्वाशे वर्षांत असंख्य लोकांनी ती मऊ कापडाने पुसली. एकदा तो पृष्ठभाग चकाकला की तो परत मंद करण्याचा कोणताही मार्ग जगात नाही.

आपले नाणे झिजून मंद झाले आहे की जन्मतःच मंद आहे, हे ओळखणे अवघड नाही. झीज नेहमी उंच भागांवर आधी होते. राजाच्या दाढीचे केस, गाल, भुवईचा उंचवटा, आणि मागच्या बाजूला सेंट जॉर्जचे शिरस्त्राण व घोड्याची छाती दहापट भिंगाखाली पाहा. झिजलेल्या नाण्यात हे भाग गुळगुळीत होतात आणि खोलगट जागा त्या मानाने ताज्या राहतात. मंद प्रूफमध्ये चेहरा आणि मोकळा भाग दोन्हींवर एकसारखा, साखरेच्या पिठीसारखा बारीक कण दिसतो. शिवाय कडेवरच्या खाचा बोटाला टोचतील इतक्या तीक्ष्ण असतात. साधी १९०२ ची गिनी दिव्याखाली फिरवली तर तिच्यावर प्रकाशाचे पट्टे चक्राच्या आऱ्यांसारखे फिरतात, तसे मंद प्रूफवर काहीच फिरत नाही.

आता पंधरा रुपयांकडे येतो. हे नाणे आपल्या शहराचे आहे आणि त्याची हकीकत मला स्वतःला फार जवळची वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८९९ च्या कायद्याने सॉव्हरिन हिंदुस्थानात १५ रुपये दराने कायदेशीर चलन झाली होती. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा इतका वाढला की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली आणि १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची नोटही आली. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता. नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. पुढे अमेरिकेने पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवून २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी दिली, तेव्हा चांदीची बाजू सावरली. त्याआधी १९१७ च्या जूनमध्ये वटहुकूम काढून सरकारने देशात येणारे सर्व सोने स्वतःकडे घेण्यास सुरुवात केली होती. त्या सोन्याची नाणी पाडण्यासाठी मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची शाखा मंजूर झाली. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर जी स्तंभांची भव्य इमारत उभी आहे, कॅप्टन जॉन हॉकिन्स यांनी १८२४ ते १८३० या काळात बांधलेली, तीच ही टांकसाळ.

सॉव्हरिनचे साचे लंडनहून येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून अगदी सॉव्हरिनच्याच वजनाची आणि शुद्धतेची पंधरा रुपयांची मोहर येथे पाडली गेली. तिची संख्या सुमारे २१ लाख आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये सॉव्हरिनचे काम सुरू झाले आणि एप्रिल १९१९ पर्यंत सुमारे १२ लाख ९५ हजार सॉव्हरिन निघाल्या. साल मात्र सर्वांवर १९१८ हेच आहे. आपल्या दुसऱ्या नाण्यावरील 'आय' हे अक्षर इंडियाचे आद्याक्षर असून तीच मुंबईच्या टांकसाळीची खूण आहे. एवढी एकच खूण, एकच साल, आणि मग ते काम कायमचे बंद पडले. १९२० मध्ये सॉव्हरिनचा कायदेशीर दर १५ वरून १० रुपयांवर आणला गेला, तेव्हा अंगावरच पंधरा रुपये लिहिलेली मोहर त्या दराशी विसंगत ठरली. मुंबईत पाडलेल्या या दोन सुवर्णनाण्यांइतका आपल्या शहराच्या आर्थिक इतिहासाचा हाती धरता येणारा पुरावा दुसरा क्वचितच असेल. त्यामुळे टाक्याचा डाग असला तरी दुसरे नाणे कृपया मोडीत घालू नका.

पंधरा रुपयांच्या प्रूफ प्रती अस्तित्वात आहेत आणि त्या दुर्मीळ आहेत. मात्र त्यांच्याबरोबर एक गुंतागुंतही आहे. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी जुने साचे सांभाळून ठेवत आणि संग्राहकांच्या मागणीवरून त्या साच्यांतून नव्याने नाणी पाडून देत. यांना आपण रिस्ट्राइक म्हणतो. ही प्रथा १९७० च्या सुमारास थांबली. १९१८ च्या पंधरा रुपयांचेही प्रूफ रिस्ट्राइक आहेत. ते बनावट नसतात, कारण टांकसाळ तीच, साचा तोच आणि सोनेही खरे. पण ते १९१८ मध्ये पाडलेले नसतात, आणि मूळ प्रूफच्या किमतीला रिस्ट्राइक विकत घेणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक आहे. आपल्या नाण्याबाबत तीन शक्यता राहतात: मूळ प्रूफ, रिस्ट्राइक, किंवा नव्या साच्यातून पहिल्या काही ठोक्यांत निघालेले, त्यामुळे चमकदार दिसणारे साधे चलनी नाणे. चौथी शक्यता पॉलिशची आहे, पण ती आपण भिंगाने स्वतःच तपासू शकाल.

त्यासाठी मोकळ्या भागावरील बारीक रेषा पाहा. साचा घासताना साच्यावर पडलेल्या रेषा नाण्यावर उंच उमटतात आणि अक्षराजवळ येऊन थांबतात, जणू त्या अक्षराखालून जातात. नाणे घासल्यामुळे पडलेल्या रेषा खोल असतात आणि अक्षरांवरूनही निघून जातात. दिवा एका बाजूला ठेवला की उंच रेषेची सावली दिव्याच्या पलीकडे पडते, खोल रेषेची अलीकडे. यानंतर चौकटीच्या आसपास बारीक उंच पुटकुळ्या आहेत का ते पाहा. वर्षानुवर्षे ठेवलेल्या पोलादी साच्याला गंज चढतो, त्याचे खड्डे पडतात आणि ते खड्डे नाण्यावर पुटकुळ्यांच्या रूपाने येतात. गंज काढण्यासाठी साचा पुन्हा घासला की वेलबुट्टीचे सर्वांत नाजूक भाग तुटक होतात. पुटकुळ्या आणि तुटक वेली एकत्र दिसल्या तर मी रिस्ट्राइक म्हणेन.

पेढीवरचा

नमस्कार. आमच्या घराण्याचे काम झवेरी बाजारात आहे आणि गिनी, पुतळी, मोहर हे सर्व रोज हाताखालून जाते. वर दादरच्या सदस्यांनी जे लिहिले आहे त्यात सोन्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

पेढीवर नाणे गेले की बहुतेक ठिकाणी त्याचा टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढला जातो. कसोटीच्या दगडावर घासले तर कड जाते, हे उघड आहे. म्हणून नाणे असेल तर एक्सआरएफ यंत्रावरच (क्ष-किरणांनी कस पाहणाऱ्या) तपासा असे स्पष्ट सांगावे; त्यात ओरखडा पडत नाही. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की टंच बरोबर आला म्हणजे नाणे खरे ठरत नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत लेबनॉनमध्ये बनावट सॉव्हरिन मोठ्या प्रमाणात पाडल्या गेल्या आणि त्यांतील कित्येकांत सोने पूर्ण कसाचे आहे. फसवणूक सोन्यात नव्हती, नाण्यात होती. सराफाला त्यात तोटा नाही, कारण तो सोने विकत घेतो. संग्राहकाला मात्र सगळाच तोटा आहे. अशा नाण्यांची अक्षरे किंचित मऊ, कडेच्या खाचा असमान, आणि साचा हाताने सुधारल्याच्या कीस काढल्यासारख्या खुणा दिसतात.

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा सांगतो. सॉव्हरिनचे ठरलेले वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर आणि शुद्धता ९१६.६ आहे, पंधरा रुपयांचे वजन व शुद्धता तेवढीच. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणा, आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे धरा. काटा ०.४५ ग्रॅमच्या आसपास दाखवील. बावीस कॅरेट सोन्याची घनता सुमारे १७.६ असल्यामुळे हा आकडा येतो. तो ०.५० च्या पुढे गेला तर आत हलका धातू आहे. दोरा नाण्याच्या पृष्ठभागावर घासू नये म्हणून १९०२ च्या नाण्यावर हा प्रयोग करू नका, त्याचे नुसते वजन पुरे. सॉव्हरिन झिजून चलनातून बाद होण्याची कायदेशीर मर्यादा ७.९३८ ग्रॅम होती. आपले नाणे ७.९८ च्या वर भरले तर ते चलनात फिरलेलेच नाही असे समजायला हरकत नाही.

कडीबाबत एवढेच सांगतो की टाका काढण्याचा प्रयत्न करू नका. तो काढताना नाणे तापवावे लागते आणि डागाबरोबर वरची अक्षरेही बिघडतात. आमच्याकडे अशी शेकडो नाणी येतात, कारण मोहनमाळेत, गळ्यातल्या साखळीत गिनी ओवण्याची आपली रीत जुनी आहे. डाग हा त्या नाण्याच्या घरच्या आयुष्याचा भाग आहे, तो तसाच राहू द्यावा.

गिरगावकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रविवारी संपूर्ण दुपार यातच गेली. पंधरा रुपयांचे नाणे ७.९९ ग्रॅम भरले आणि पाण्यात काट्याने ०.४५ दाखवले. कडी लावलेले नाणे ८.१२ भरले, म्हणजे टाक्याचे वजन त्यात आहे. १९०२ ची गिनी ७.९८६ भरली.

भिंगाखाली पंधरा रुपयांच्या नाण्यावर मोकळ्या भागात बारीक रेषा दिसतात आणि त्या अक्षरांपाशी थांबतात. सावलीवरून त्या उंच आहेत असे वाटते. चौकटीच्या डाव्या बाजूला सुईच्या टोकाएवढ्या सात-आठ पुटकुळ्या आहेत आणि एका वेलीचे टोक मधेच नाहीसे होते. १९०२ च्या नाण्यावर सर्वत्र एकसारखा कण आहे, फक्त राजाच्या गालावर आणि दाढीच्या टोकाला तिळाएवढा भाग किंचित चकाकतो. कडेच्या खाचा खरोखरच बोटाला टोचतात.

जतनकार, विलेपार्ले

नमस्कार. मी एका संग्रहालयात धातूच्या वस्तूंच्या जतनाचे काम करते. आपल्या आत्यांनी सांगितलेली आठवण आणि गालावरचा चकाकणारा भाग यांचा संबंध उघड आहे. दुधाने बावीस कॅरेट सोन्याला फारसे काही होत नाही. इजा होते ती नंतर पंचाने कोरडे करण्याने, आणि हळदकुंकवाच्या कणांवरून बोट फिरवण्याने. सर्वांत उंच भाग म्हणजे गाल, म्हणून घर्षण तेथेच झाले. तरीही इतक्या दिवाळ्या होऊन बाकीचा पृष्ठभाग शाबूत आहे, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. आपल्या घरातील बायकांनी तो फार हलक्या हाताने पुसला असला पाहिजे.

पूजा बंद करण्याची गरज नाही. नाण्याच्या मापाची ॲक्रिलिकची बंद डबी मिळते. नाणे तिच्यात ठेवून ती डबी ताम्हनात ठेवावी आणि हळदकुंकू डबीवर वाहावे.

आता कापूस काढून टाका. कापूस ओल धरतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो चार महिने ओलसरच असतो. सोने गंजत नाही, पण बावीस कॅरेटमध्ये तांबे आहे, आणि त्या तांब्यामुळे नाण्यावर लालसर ठिपके येतात. हे ठिपके घासून काढण्याचा मोह टाळावा. मऊ पारदर्शक पीव्हीसी पाकिटे अजिबात वापरू नयेत. ती काही वर्षांत हिरवट चिकट थर सोडतात. तसा थर आधीच आलेला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे काही मिनिटे नुसते बुडवून ठेवावे, चोळू नये, आणि हे काम खिडकी उघडी ठेवून व गॅसपासून दूर करावे, कारण ॲसिटोन चटकन पेट घेते. चिंच, रिठा, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही कधीही नको. नाणे कडेने धरावे, खाली मऊ टॉवेल पसरावा आणि नाण्यावर तोंड आणून बोलू नये. थुंकीचा सूक्ष्म थेंबही प्रूफ पृष्ठभागावर काही महिन्यांनी डाग म्हणून उगवतो. बँकेच्या लॉकरमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर पावसाळ्यापूर्वी बदलावी.

माहीम किनारा

माझे मत थोडे वेगळे आहे. एवढी भिंगाची खटपट करण्यापेक्षा नाणी थेट परदेशी प्रमाणन कंपनीकडे पाठवावीत. त्यांची चिठ्ठी असलेली बंद डबी हातात आली की वादच उरत नाही. मी स्वतः अमेरिकेची सोन्याची प्रूफ घेतो आणि चिठ्ठीशिवाय एकही घेत नाही.

दादर पूर्व

माहीमच्या मित्रांचा मुद्दा खरेदीच्या बाबतीत बरोबर आहे. विकत घेताना, विशेषतः महाग नाणे घेताना, पीसीजीएस किंवा एनजीसी या प्रमाणन कंपन्यांची बंद डबी असावी आणि तिच्यावरील क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा, कारण हल्ली डब्याही बनावट येतात. पण गिरगावकरांची नाणी घरातील आहेत आणि तिन्ही शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत. १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरातन वस्तूत मोडते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता वा पाठवता येत नाही. १९१८ ची नाणी २०१८ पासून या मर्यादेत आली आहेत. तपासणीसाठी का होईना, ती टपालाने किंवा नातेवाइकाच्या खिशातून परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथेच, मुंबईतील अनुभवी नाणेतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवणे हाच रस्ता आहे. परदेशातून नाणी मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि आयातीचे नियम बोली लावण्याआधी समजून घ्यावेत.

अमेरिकेच्या नाण्यांचा विषय निघालाच आहे, तर १९०२ च्या संदर्भात एक फरक सांगण्यासारखा आहे. लंडनने साचा खरबरीत केला होता. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीने १९०८ मध्ये आणि पुन्हा १९११ ते १९१५ या काळात सोन्याची प्रूफ नाणी पाडून झाल्यावर त्या नाण्यांवरच बारीक वाळूचा झोत मारला. सेंट-गॉडेन्स यांनी घडवलेल्या २० डॉलरच्या नाण्याच्या उठावाला तो पोत फार शोभतो, असे मला वाटते, पण तेव्हाच्या ग्राहकांना तो आवडला नाही. मधल्या १९०९ आणि १९१० या दोन वर्षांत त्यांनी अधिक उजळ, साटिनसारखा पोत करून पाहिला आणि १९१५ नंतर सोन्याची प्रूफ काढणेच थांबवले. २० डॉलरची प्रूफ १९०८ मध्ये १०१, १९१३ मध्ये ५८ आणि १९१५ मध्ये अवघी ५० निघाली, आणि न विकली गेलेली त्यातूनही वितळवली गेली. ही नाणी पाहावीत, त्यांच्याविषयी वाचावे; पण पगारदार माणसाने संग्रहाची सुरुवात तेथून करू नये असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

गिरगावकर, आपल्यासाठी माझ्या मनात दुसरीच वाट आहे. १९०२ चे नाणे तपासणीत प्रूफ ठरले तर त्याच्या शेजारी २२ जून १९११ च्या, पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या संचातील सॉव्हरिन ठेवावी. त्या वर्षी १२ नाण्यांचे मोठे संच २,८१२ आणि सॉव्हरिनपासूनचे छोटे संच ९५२ निघाले, म्हणजे प्रूफ सॉव्हरिन एकूण ३,७६४. ती मंद नसून उजळ आहे, आणि तिच्यावरील मॅकेनल यांनी घडवलेला पंचम जॉर्जचा मुकुटाविना चेहरा तोच आहे जो सात वर्षांनी आपल्या मुंबईच्या सॉव्हरिनवर आला. दोन राज्याभिषेकांचे दोन पोत आणि मुंबईची १९१८ ची दोन नाणी, एवढी चार नाणी समोर असली की त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९११ ची घेताना मोकळ्या भागावरील खोल रेषा आधी पाहा; उजळ प्रूफची सर्वांत मोठी व्याधी तीच आहे. मूळ लाल पेटी सोबत मिळाली तर उत्तम, पण पेटीसाठी वेगळे पैसे मोजताना सावध राहावे, कारण रिकाम्या पेट्या स्वतंत्रपणे विकल्या जातात आणि त्यांत कोणतीही नाणी बसवता येतात. काहीही विकत घेण्याआधी फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचे दालन दोन-तीनदा सावकाश पाहून या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्थाही आहे.

गिरगावकर

थोडा उशीर झाला, क्षमस्व. गेल्या आठवड्यात फोर्टात एका ज्येष्ठ नाणेतज्ज्ञांना तिन्ही नाणी दाखवून आलो. त्यांनी पाऊण तास घेतला आणि त्या वेळात एकदाही नाण्याचा पृष्ठभाग बोटाने शिवला नाही.

पंधरा रुपयांचे नाणे त्यांच्या मते रिस्ट्राइक आहे. पुटकुळ्या त्यांनी मला मोठ्या भिंगातून दाखवल्या आणि त्या गंजलेल्या साच्याच्याच आहेत हे समजावून सांगितले. म्हणजे आजोबांनी ते नाणे पुढे केव्हातरी मुद्दाम मागवून घेतले असणार. कारकुनाच्या पगारातून त्यांनी टांकसाळीकडून नाणे मागवले, याचा अर्थ तेही संग्राहक होते, आणि ही गोष्ट आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हती. नाणे कमी किमतीचे ठरले याचे मला जराही वाईट वाटले नाही.

१९०२ ची गिनी प्रूफ आहे. गालावरच्या घर्षणामुळे तिचा दर्जा खाली येतो, परंतु बाकीचा पृष्ठभाग मूळचा आहे असे त्यांनी निश्चितपणे सांगितले. टाक्याचे नाणे अस्सल मुंबईचे आहे. ते मोडीत जाणार नाही.

कापूस काढला आहे आणि तिन्ही नाणी ॲक्रिलिकच्या डब्यांत ठेवली आहेत. आत्याला डबीसकट पूजा करण्याचा विचार आधी पटला नाही, पण तिला भिंगातून राजाचा गाल दाखवल्यावर ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग हो म्हणाली. १९११ च्या एका सॉव्हरिनबाबत येथील एका विक्रेत्याशी बोलणे चालू आहे. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे हाती आली की येथेच टाकतो. पैसे देण्यापूर्वी दादरच्या सदस्यांनी मोकळ्या भागावरील रेषा एकदा पाहून द्याव्यात, ही विनंती.